आधी रस्सा, मग मासा
गोड्या पाण्यातल्या माशासाठी चवदार रस्से, वाटणं आणि चटण्या : बैठकीत वाचून करून बघायचा पाठ



आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण मासा भरपूर आहे. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, मधून वाहणारी कयाधू, शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि आता शेततळीसुद्धा. बाजारात रोहू, कटला, मृगळ, चिलापी येतात, कधी मरळ मिळते. आपल्या गटांतल्या बऱ्याच तायांच्या घरी मासे धरायचं नाहीतर विकायचं काम आहे. काही गट आठवडी बाजारात किंवा जत्रेत ताट लावतात, काही नव्याने सुरू करायच्या विचारात आहेत.

मासा ताजा, मसाला घरचा, हात मोकळा, तरी एखाद्या वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "मासा चांगला आहे, पण कोरड्यासाला चवच नाही." असं का होतं? कारण आपण सगळं लक्ष माशावर देतो आणि रस्सा घाईत उरकतो. आपल्याकडचा मासा चवीला सौम्य आहे. ताटातली निम्म्याहून जास्त चव रश्श्यातून येते. म्हणून आजच्या पाठाचं सूत्र एकच : आधी रस्सा, मग मासा. हे सूत्र चवीला उपयोगी आहे, नासाडी थांबवायला उपयोगी आहे आणि शेवटी हिशेबालाही उपयोगी आहे. कसं ते पुढे बघू.

या पाठात काय शिकायचं

१. पांढऱ्या मांसाच्या माशाला रस्सा वेगळा का लागतो
२. मासा कसा तयार करायचा
३. चार रस्से आणि तीन चटण्या, मापासकट
४. रस्सा बिघडला तर काय करायचं
५. विकायचं असेल तर काळजी आणि हिशेब

पांढरं मांस म्हणजे काय

कोकणातला बांगडा किंवा तारली कापून बघितली तर मांस काळपट दिसतं. त्या माशांत तेल जास्त असतं आणि त्यांची स्वतःची चव उग्र असते. म्हणून तिकडे ओलं खोबरं, कोकम (आमसूल) आणि तिरफळ एवढ्यावर काम भागतं. आपला रोहू, कटला, मरळ, चिलापी यांचं मांस शिजल्यावर पांढरं होतं. तेल कमी, चव सौम्य. यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, पांढरं मांस लवकर शिजतं. इंचभर जाडीच्या तुकड्याला उकळत्या रश्श्यात ८ ते १० मिनिटं पुरतात. अर्धा तास रटरटवलं तर मांस कोरडं पडतं, तुकडा फुटतो आणि काटे रश्श्यात पसरतात. लेकरांना वाढताना मग जीव मुठीत धरावा लागतो.

दुसरी, एवढ्या कमी वेळात मसाला शिजत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसूण, तिखट यांना तेलात मुरायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. मासा आणि मसाला एकदम टाकला की दोन्हीतलं एक बिघडणारच. मासा बरोबर शिजला तर मसाला कच्चा, मसाला शिजवावा तर माशाचा भुगा.

तिसरी, तळ्यातल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो. हा वास माशाच्या शिळेपणाचा नसतो. साचलेल्या पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव एक पदार्थ तयार करतात, तो माशाच्या अंगात मुरतो. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच पदार्थाचा. आंबटाने हा वास कमी होतो. म्हणून आपल्या माशाला चिंच, कैरी, लिंबू किंवा टोमॅटो यातलं काहीतरी लागतंच. आंबटाशिवाय रस्सा केला आणि "मासा वास मारायला" असं कुणी म्हटलं, तर चूक माशाची नसते.

मासा तयार करणे

विकत घेताना डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, अंग बोटाने दाबलं तर परत वर येणारं, एवढं बघा. खवले काढून पोट साफ करताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका, फुटली तर आजूबाजूचं मांस कडू होतं. काही ठिकाणी हे पित्त औषध म्हणून कच्चं गिळतात. ते अजिबात करू नका. रोहू-कटल्याच्या पित्ताने मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

साफ केलेल्या १ किलो माशाला १ चहाचा चमचा हळद, दीड चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस किंवा २ चमचे चिंचेचा कोळ चोळून १५ मिनिटं ठेवा. त्याहून जास्त वेळ आंबटात ठेवला तर मांस घट्ट होऊन कोरडं लागतं. नंतर सुटलेलं पाणी टाकून द्या, मातकट वास बराचसा त्या पाण्याबरोबर जातो.

डोकं फेकू नका. कल्ले पूर्ण काढा, कारण ते कडवट असतात. डोकं आणि शेपटी दीड लिटर पाण्यात थोडं मीठ आणि दोन लसणाच्या पाकळ्या टाकून १५ मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. रश्श्यात साध्या पाण्याऐवजी हे पाणी वापरलं की रश्श्याला आपोआप अंग येतं. यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

रश्श्याची पाच अंगं

कोणताही रस्सा घ्या, त्यात पाच गोष्टी असतात. यातलं एक जरी कमी पडलं तरी जिभेला कळतं.

*अंग :* म्हणजे दाटपणा. आपल्याकडे तो सुकं खोबरं, भाजलेला कांदा, शेंगदाणे, तीळ यांनी येतो.
*आंबट :* चिंच बाराही महिने. उन्हाळ्यात कैरी. पावसाळ्यात अंबाडीची कोवळी पानं.
*तिखट :* रंगाला एक मिरची आणि झणक्याला दुसरी, अशी मिसळ चांगली.
*सुगंध :* लसूण, आलं, कोथिंबीर, कढीपत्ता, काळा मसाला.
*तेल :* मसाला तेलातच फुलतो. हळदीचा रंगही पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून हळद फोडणीत टाकायची, वरून नाही.

हळदीवरून सांगायचं तर वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ताट विकणाऱ्या गटांनी "वसमतच्या हळदीतला मासा" असं फलकावर लिहायला हरकत नाही, पण मग हळद खरोखर तिथलीच असली पाहिजे. आणि हळद जास्त झाली की रस्सा कडवट होतो, हेही विसरू नका.

चार रस्से

खालची मापं साफ केलेल्या १ किलो माशासाठी, म्हणजे पाच-सहा माणसांसाठी आहेत. वाटी म्हणजे आमटीची साधी वाटी (१५० मिली), ग्लास म्हणजे २५० मिली. मोठा चमचा म्हणजे पोह्याचा, लहान म्हणजे चहाचा.

१. काळ्या मसाल्याचा रस्सा (रोहू, कटला)

साहित्य : कांदे ३ मध्यम, सुकं खोबरं अर्धी वाटी किसून, लसूण १२ ते १५ पाकळ्या, आलं १ इंच, तीळ १ मोठा चमचा, कोथिंबीर मूठभर, काळा मसाला २ मोठे चमचे, लाल तिखट १ लहान चमचा, हळद अर्धा लहान चमचा, लिंबाएवढी चिंच, तेल ५ मोठे चमचे, माशाच्या डोक्याचं पाणी ४ ग्लास, मीठ.

कृती : कांदे सालासकट चुलीच्या आरात किंवा गॅसवर भाजा, साल काळी पडली की सोलून घ्या. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा. खोबरं तांबूस झालं की लगेच उतरवा, कारण तवा गरम असतो आणि ते नंतरही भाजत राहतं. सगळं लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर बारीक वाटा. भगुण्यात तेल गरम करून हळद, तिखट, मग वाटण टाका. मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं परता. कडेने तेल सुटलं म्हणजे वाटण शिजलं. आता काळा मसाला टाकून एक मिनिट हलवा, गरम केलेलं डोक्याचं पाणी आणि चिंचेचा कोळ घाला. दहा मिनिटं उकळू द्या. चव घ्या. ही चव पटली तरच मासा सोडा. मासा टाकल्यावर आच मंद करा आणि उलथणं, पळी काही घालू नका. भगुणं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलक्या हाताने फिरवा. ८ ते १० मिनिटांनी उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा.

पाणी गार टाकलं तर वर तर्री येत नाही, म्हणून पाणी गरमच पाहिजे.

२. शेंगदाणा-तिळाचा घट्ट रस्सा (चिलापी, मृगळ)

साहित्य : भाजलेले शेंगदाणे पाऊण वाटी, तीळ २ मोठे चमचे, लसूण १० पाकळ्या, जिरं १ लहान चमचा, सुक्या लाल मिरच्या ६, कांदा १ बारीक चिरून, लिंबाएवढी चिंच, तेल ४ मोठे चमचे, हळद, मीठ, पाणी ३ ग्लास.

कृती : शेंगदाण्याची साल काढा, सालीने रस्सा काळपट होतो. मिरच्या एक तास गरम पाण्यात भिजवून शेंगदाणे, तीळ, लसूण, जिऱ्याबरोबर वाटा. तेलात कांदा लालसर करून हळद आणि वाटण टाका. शेंगदाण्याचं वाटण बुडाला लवकर लागतं, म्हणून सतत हलवा आणि थोडं थोडं पाणी घालत राहा. चिंचेचा कोळ टाकून दहा मिनिटं मंद उकळा, मग मासा सोडा. हा रस्सा निवला की घट्ट होतो, त्यामुळे उतरवताना जरा पातळच ठेवा. खोबरं महाग असतं तेव्हा हा रस्सा स्वस्तात होतो, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर पोटभरीचा आहे.

३. चिंचेचा रस्सा (मरळ, कटला)

नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू बोलणारी माणसं राहतात. तेलंगणात माशाचा 'पुलुसू' घरोघरी होतो, पुलुसू म्हणजे आंबट रस्सा. यात खोबरं नाही, शेंगदाणा नाही, सगळी चव चिंचेची.

साहित्य : चिंच ५० ग्रॅम, कांदे २ बारीक चिरून, टोमॅटो १, लसूण १० पाकळ्या ठेचून, कढीपत्ता २ काड्या, मेथीदाणे पाव लहान चमचा, मोहरी अर्धा चमचा, धने पूड २ मोठे चमचे, लाल तिखट दीड मोठा चमचा, हळद, गुळाचा सुपारीएवढा खडा, तेल ५ मोठे चमचे, पाणी ३ ग्लास.

कृती : चिंच गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढा. तेलात मोहरी तडतडली की मेथीदाणे टाका. ते तांबूस होताच कांदा घाला, काळे झाले तर सगळा रस्सा कडू होईल. कांदा मऊ झाल्यावर लसूण, कढीपत्ता, टोमॅटो, मग हळद, तिखट, धने पूड. तेल सुटलं की कोळ आणि पाणी. हा रस्सा चांगला १५ मिनिटं उकळू द्या, कच्च्या चिंचेचा वास गेला पाहिजे. शेवटी गूळ, मीठ आणि मासा.

मुरल्यावर याची चव वाढते, म्हणून तिकडे दुसऱ्या दिवशी आवडीने खातात. पण घरात फ्रिज नसेल तर ही हौस करू नका. चिंचेचा रस्सा कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात करू नका, आंबटाने धातू उतरतो. स्टीलचं भांडं बरं.

४. हिरवा रस्सा (मरळ, कोणताही कमी काट्याचा मासा)

साहित्य : कोथिंबीर २ वाट्या काड्यांसकट, हिरव्या मिरच्या ४ ते ५, लसूण ८ पाकळ्या, आलं १ इंच, जिरं १ लहान चमचा, ओलं किंवा सुकं खोबरं पाव वाटी, अर्धी कैरी किंवा मूठभर अंबाडीची पानं, कांदा १, तेल ३ मोठे चमचे, पाणी ३ ग्लास.

कृती : कांदा सोडून सगळं कच्चंच वाटा. अंबाडी वापरली तर पानं आधी दोन मिनिटं उकळून घ्या. तेलात कांदा मऊ करा, लाल करू नका. वाटण टाकून फक्त पाच-सहा मिनिटं परता, जास्त परतलं तर हिरवा रंग जातो. गरम पाणी, मीठ, दोन उकळ्या, मग मासा. मिरची कमी केली तर लेकरं आणि म्हातारी माणसंही खातात.

एक पाहुणा रस्सा : रोहू, कटला, मृगळ हेच मासे बंगालात रोज खातात आणि तिकडे मोहरीच्या वाटणात करतात. २ मोठे चमचे मोहरी अर्धा तास भिजवून २ हिरव्या मिरच्या आणि मिठाबरोबर वाटायची. मीठ न घालता वाटली किंवा फार वेळ वाटली तर कडू होते. हे वाटण पाण्यात कालवून, हळद लावून हलक्या तळलेल्या माशावर ओतायचं आणि पाच-सात मिनिटंच शिजवायचं. जत्रेत वेगळं काही ठेवायचं असेल तर हा प्रयोग घरी दोनदा करून मगच ठेवा.

तळलेल्या माशाबरोबर तीन चटण्या

तळलेला तुकडा नुसता दिला तर दोन घासांत कोरडा लागतो. बाजूला चटणी असली की गिऱ्हाईक आणखी एक तुकडा मागतं.

*चिंच-गूळ-लसूण :* पाऊण वाटी दाट कोळ, २ मोठे चमचे गूळ, ६ लसूण पाकळ्या ठेचून, १ लहान चमचा तिखट, भाजलेलं जिरं, मीठ. पाच मिनिटं उकळून गार करा. पातळ हवी, वरून ओतता आली पाहिजे.

*हिरवी चटणी :* कोथिंबीर, मिरची, लसूण, मूठभर भाजलेले शेंगदाणे, लिंबू. ही त्या दिवशीच संपवायची.

*जवस-लसणाची सुकी चटणी :* १ वाटी भाजलेलं जवस, ८ लसूण पाकळ्या, ६ सुक्या मिरच्या, मीठ. खलबत्त्यात कुटली तर चव जास्त. लसूण तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजली तर आठ दिवस राहते.

रस्सा बिघडला तर

*पाणचट झाला :* मासा बाहेर काढून ठेवा आणि रस्सा एकटा उकळून आटवा. किंवा २ चमचे शेंगदाण्याचा कूट कालवून घाला. येसर असेल तर एक चमचा येसर पाण्यात कालवून टाका, अंगही येतं आणि चवही.
*आंबट जास्त झाला :* थोडा गूळ आणि थोडा कूट. सोडा टाकू नका.
*खारट झाला :* बिनमिठाचं वाटण आणि पाणी वाढवा. बटाट्याची फोड टाकून फार फरक पडत नाही, ती रस्सा पिते तेवढंच मीठ जातं.
*कडू झाला :* खोबरं, मेथी किंवा लसूण जळाली असेल तर उपाय नाही. असं ताट विकू नका, गिऱ्हाईक परत येत नाही.
*कच्चा वास येतो :* वाटण परतलं गेलं नाही. मासा टाकायच्या आधी कळलं तर दुरुस्त होतं, नंतर नाही. म्हणूनच मासा सोडण्याआधी चव घ्यायची.

विकायचं असेल तर

आता सूत्राचा दुसरा फायदा बघा. बाजारात बहुतेक ठिकाणी सकाळीच सगळा मासा रश्श्यात टाकतात. दुपारपर्यंत तुकडे फुटतात, आणि संध्याकाळी जे उरतं ते फेकावं लागतं. त्याऐवजी सकाळी फक्त रस्सा करून ठेवा. साफ केलेला मासा खोक्यात बर्फात ठेवा, जेवढा मासा तेवढाच बर्फ. गिऱ्हाईक येईल तसा पाच-पाच ताटांचा रस्सा लहान भगुण्यात काढून त्यात मासा सोडा. दहा मिनिटांत ताट तयार. मासा ताजा लागतो, आणि उरला तर कच्चा उरतो. बर्फात असलेला कच्चा मासा दुसऱ्या दिवशी कामी येतो, शिजून बाहेर राहिलेला फेकावा लागतो.

आणखी एक सोय आहे. ज्या दिवशी लोक वशाट खात नाहीत त्या दिवशी, श्रावणात, किंवा मासा मिळाला नाही तेव्हा, काळ्या मसाल्याचं किंवा शेंगदाण्याचं वाटण वांग्याला आणि शेवग्याच्या शेंगांना चालतं. अंडी खाणाऱ्यांसाठी अंडाकरी होते. रस्सा वेगळा केला तर माल अडकत नाही. फक्त वशाटाचा आणि शाकाहारी रस्सा, भांडी, पळ्या पूर्ण वेगळ्या ठेवा. डोक्याचं पाणी शाकाहारी रश्श्यात जाऊ देऊ नका. हा गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

काळजी पाच गोष्टींची :
१. रस्सा वाफ निघत राहील इतका गरम ठेवा. कोमट रश्श्यात जंतू वाढतात.
२. शिजलेला मासा उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.
३. कच्चा मासा कापायची विळी, पाट आणि फडकं वेगळं. त्याच विळीवर कोथिंबीर चिरू नका.
४. ओलं वाटण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच टिकतं. विक्रीसाठी पाकीट करायचं असेल तर सुका मसालाच करा, ओला कांदा-लसूण त्यात नको.
५. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ऑनलाइन अर्ज करता येतो. आपल्या सीआरपी ताईंना किंवा प्रभाग समन्वयकांना विचारून गटाच्या नावाने नोंदणी करून घ्या.

हिशेब : आपली मजुरी कुठे जाते?

खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही आपल्या बाजाराचे दर घाला.

५ किलो मासा, १६० रुपये किलोने : ८००
रश्श्याचं सगळं सामान : ४५०
गॅस किंवा सरपण : ८०
भाकरीची ज्वारी : १६०
तांदूळ : ७५
पत्रावळ, द्रोण : ६०
येणं-जाणं, जागा : १००
एकूण खर्च : १,७२५ रुपये

साफ करून, डोकी बाजूला काढून साधारण ४० तुकडे झाले आणि ताटात दोन तुकडे दिले, तर २० ताटं होतात. १२० रुपयांनी विकली तर २,४०० आले. म्हणजे ६७५ रुपये 'फायदा'. पण थांबा. या कामात तीन ताया सहा-सहा तास राबल्या. ६७५ तिघींत वाटले तर एकीला २२५ आले. ताशी ५० रुपये मजुरी धरली तरी एकीचे ३०० होतात, तिघींचे ९००. म्हणजे खरा खर्च २,६२५ आणि एका ताटाला १३१ रुपये. १२० ला ताट विकणारा गट दर बाजाराला २२५ रुपयांनी तोट्यात आहे, फक्त तो तोटा आपण आपल्या अंगमेहनतीतून भरतोय, म्हणून वहीत दिसत नाही.

मग काय करायचं? दोन वाटा आहेत. एक, ताट १५० ला विका. २० ताटांचे ३,००० येतील, तिघींची मजुरी देऊन गटाला ३७५ उरतील. पण १५० देणारं गिऱ्हाईक चव मागतं, आणि ती रश्श्यातून येते. दुसरी वाट, ताटं वाढवा. रस्सा २० ताटांचा केला काय नि ४० चा केला काय, भाजायला-वाटायला दुप्पट वेळ लागत नाही. तिघींचे आठ-आठ तास धरले तर मजुरी १,२०० होते. सामान दुप्पट म्हणजे ३,२५०, येणं-जाणं तेच १००. एकूण ४,५५०, म्हणजे ताटाला सुमारे ११४ रुपये. आता १२० ला विकूनही मजुरी निघते आणि वर थोडं उरतं. मासा बर्फात राखून लागेल तसा सोडला तर ४० ताटांची तयारी करायची भीतीही कमी होते, कारण न खपलेला मासा वाया जात नाही.

जी मजुरी वहीत लिहिली जात नाही, ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. घरातल्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. म्हणून गटाच्या वहीत 'मजुरी' असा वेगळा रकाना आजच आखा.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

१. चारपैकी एक रस्सा घरी करा. मासा सोडायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चव घ्या, काय फरक पडला ते सांगा.
२. १ किलो मासा साफ करायच्या आधी आणि नंतर काट्यावर तोला. किती घटला ते वहीत लिहा. ताटाचा भाव ठरवायला हाच आकडा लागतो.
३. चुलीवरच्या कामाचा वेळ मोजा : भाजणं, वाटणं, परतणं, वाढणं, भांडी घासणं. भांडी घासणं विसरू नका.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावात मासा कच्चा विकून किती मिळतं आणि शिजवून किती?
• आपल्या भागात कोणतं आंबट कोणत्या महिन्यात फुकट किंवा स्वस्त मिळतं?
• प्रभागसंघाने एकाच ठिकाणी मसाला कुटून सगळ्या गटांना दिला तर खर्च किती कमी होईल?

ज्या गटाने रस्सा करून बघितला, त्यांनी आपली मापं आणि आपला हिशेब लिहून प्रभागसंघाच्या कार्यालयात द्यावा. मसाल्याचं माप प्रत्येक घरात थोडं वेगळं असणारच. वही मात्र सगळ्यांची सारखीच नीट लिहिलेली असू द्या.